पावसाचा खंड: पीक आतून काय ठरवतं आणि आपण केव्हा काय करायचं

आश्लेषा-मघात पाऊस दडी मारतो, वारं सुटतं आणि आठव्या-दहाव्या दिवशी दुपारी सोयाबीन मान टाकायला लागतं. बहुतेक शेतांत धावपळ सुरू होते ती इथून. झाडाच्या आत मात्र तोवर बरेच निर्णय होऊन गेलेले असतात: नवीन पान वाढवणं थांबलेलं असतं, पानांवरची छिद्रं दुपारची मिटायला लागलेली असतात, आणि कोणती पाती (फुलाच्या कळ्या) टिकवायची, कोणती सोडायची हेही ठरत आलेलं असतं. हे निर्णय झाडातली संप्रेरकं आणि निरोप पोचवणारी प्रथिनं मिळून घेतात. त्यांचा क्रम कळला की एकच फवारणी पाचव्या दिवशी लागू का पडते आणि पंधराव्या दिवशी पान का जाळते, हे आपोआप उलगडतं. पुढची सगळी मांडणी विदर्भातली कोरडवाहू आणि अर्धओलिताची पऱ्हाटी म्हणजे कपाशी, सोयाबीन आणि संत्रा डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

निरोप कसा जातो

पाण्याच्या ताणातलं मुख्य संप्रेरक म्हणजे ॲबसिसिक आम्ल, थोडक्यात एबीए. त्याचा शोध लागला तो आपल्याच पिकात. १९६३ साली अमेरिकेत कपाशीच्या कोवळ्या बोंडांमधून ते वेगळं काढलं गेलं आणि बोंड गळवणारा पदार्थ हाच, असा तेव्हा समज झाला. पुढे कळलं की गळ घडवण्याचं काम प्रामुख्याने इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाचं आहे आणि एबीएचं खरं खातं पाण्याचं आहे.

जमीन सुकायला लागली की पहिली खबर मुळांना लागते. मुळं ती दोन वाटांनी वर पाठवतात. एक वाट सरळ पाण्याच्या ओढीची: खोडातल्या पाण्याच्या धारेवरचा ताण वाढतो आणि तो पानापर्यंत लगेच पोचतो. दुसरी वाट रेणूची. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली दाखवलं की सुकत्या मुळांमध्ये सीएलई२५ नावाचा अगदी छोटा प्रथिनाचा तुकडा तयार होतो, तो पानात पोचतो, आणि तिथे एबीए बनवणाऱ्या एनसीईडी३ या विकराचं (एन्झाइमचं) काम वाढवतो. म्हणजे बराचसा एबीए पानातच बनतो, मुळांकडून येतो तो इशारा. ताण वाढला की पानातला एबीए थोड्याच वेळात ५० पटींपर्यंत वाढू शकतो.

एबीए वाढला तरी त्याला कोणी तरी ओळखावं लागतं. हे ओळखणारी ग्राही प्रथिनं २००९ साली अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या दोन गटांनी शोधली. त्यांना पीवायआर आणि पीवायएल म्हणतात. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या प्रयोगशाळेतल्या रोपात ती १४ आहेत, आणि हीच साखळी कपाशीत आणि सोयाबीनमध्येही सापडते. जमिनीत पाणी असताना पीपी२सी नावाचं प्रथिन एसएनआरके२ या कामकरी प्रथिनाला गप्प ठेवतं, बैलाला मुसकं बांधावं तसं. एबीए ग्राहीला चिकटला की दोघं मिळून पीपी२सीला पकडून ठेवतात, मुसकं सुटतं आणि एसएनआरके२ कामाला लागतं.

त्याचं पहिलं काम पानाच्या छिद्राशी आहे. प्रत्येक छिद्राला दोन रक्षक पेशी असतात. एसएनआरके२ त्यांच्या आवरणातलं एसएलएसी१ हे दार उघडतं. क्लोराइड, नायट्रेट बाहेर पडतात, मागोमाग पोटॅशियम निघतं, त्याच्या मागे पाणी. पेशी लुळ्या पडतात आणि छिद्र मिटतं. एबीए पोचल्यापासून ही क्रिया मिनिटांत सुरू होते. दुसरं काम पेशीच्या केंद्रकात: तिथे ते एबीएफ गटातल्या प्रथिनांना जागं करतं आणि साखरा, प्रोलिन, पेशीतली प्रथिनं जपणारी एलईए प्रथिनं अशी ताणाची सामग्री बनवायला लावतं. या कामाला मिनिटं पुरत नाहीत, तास आणि दिवस लागतात. हळूहळू आलेल्या ताणाला पीक तोंड देतं आणि तोच ताण एकदम आला तर कोलमडतं, ते यामुळेच.

छिद्र मिटवण्याची किंमत मोठी आहे. पाणी वाचतं, पण हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, साखर बनणं कमी होतं आणि पान तापतं. साखरेची टंचाई सगळ्यात आधी कोवळ्या पात्यांना, फुलांना आणि आठ-दहा दिवसांच्या बोंडांना बसते. निरोगी बोंड आपल्या देठातून ऑक्सिन हे संप्रेरक सतत खाली पाठवत असतं आणि त्या प्रवाहामुळे देठाच्या बुडाचा गळणीचा थर झोपलेला राहतो. बोंड उपाशी राहिलं की ऑक्सिन घटतं, तो थर इथिलीनला दाद द्यायला लागतो, पेशींना जोडणारा लेप विरघळवणारी विकरं तयार होतात आणि बोंड सुटतं. मोठं झालेलं बोंड सहसा गळत नाही, कारण त्याचा देठ टणक झालेला असतो. मुळांतून येणारं सायटोकायनिन हे संप्रेरकही ताणात घटतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात.

एक चांगली बाजूही आहे. सौम्य ताणात पानांची वाढ छिद्रं मिटण्याच्याही आधी थांबते, पण मुळांची वाढ चालू राहते. एबीए मुळांतल्या इथिलीनला आवर घालतो म्हणून. २५-३० दिवसांचं पीक दुपारी थोडं मलूल दिसलं की लगेच पाणी सोडायची घाई नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या वयात थोडी तहान सोसलेलं पीक पुढच्या खंडात खोलवरचं पाणी ओढतं. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना मात्र हे लागू नाही. तिथे वाट पाहणं म्हणजे उत्पन्न सोडून देणं.

तुमच्या वावरात किती दिवसांचं पाणी आहे

हा हिशोब खंड पडण्याआधी करून ठेवावा. भारी काळी जमीन मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असं साधारण १५० ते २०० मिमी पाणी धरते, मुरमाड किंवा बरड जमीन १०० ते १२० मिमी. त्यातलं अर्धं संपेपर्यंत पीक फारसं कुरकुरत नाही. अर्ध्याच्या पुढे एबीएची साखळी जोरात चालते. ऑगस्टमधल्या कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी पानांनी जमीन झाकलेलं पीक रोज ४ ते ५ मिमी पाणी खर्च करतं.

आता बरड वावर धरा, मुळं ४५ सेंमीपर्यंत. एकूण पाणी जेमतेम ५० मिमी, वापरण्याजोगं २५ मिमी, म्हणजे पाच-सहा दिवस. मुळं ९० सेंमी गेलेली भारी जमीन असेल तर एकूण १६० मिमी धरा, वापरायला ८०, म्हणजे सोळा-सतरा दिवस. एकाच गावात, एकाच खंडात एकाचं सोयाबीन करपतं आणि शेजाऱ्याचं हिरवं राहतं, त्यात बियाण्याचा किंवा फवारणीचा वाटा असतो त्याहून मातीच्या खोलीचा वाटा मोठा असतो. खोली माहीत नसेल तर सब्बल किंवा ऑगर घेऊन वावरात तीन-चार ठिकाणी मुरूम लागेपर्यंत उकरून बघा. हे काम एकदाच करायचं असतं आणि आयुष्यभर पुरतं.

ओल बघायची ती वरच्या पापुद्र्यात नाही. ३० सेंमी खालची माती मुठीत दाबा. भारी मातीचा गोळा होतो आणि अंगठ्याने दाबली की पट्टी सरकते, तोवर निभावून जाईल. गोळा होतो पण पट्टी लगेच तुटते, तेव्हा अर्धं पाणी संपत आलेलं असतं. माती हातात भुगा होऊन पडली तर पीक आधीच ताणात आहे, मग वरून कसंही दिसो.

झाड वाचायचं कसं

दुपारी तीन वाजताचं मलूल पान पुरावा म्हणून धरू नका. भरपूर ओलीतही कडक उन्हात पान लवतं, कारण खर्च पुरवठ्यापेक्षा जास्त होतो, आणि संध्याकाळी ते सावरतं. खरी वेळ सकाळी सात-साडेसातची. रात्रभर विसावा मिळूनही पान उठलेलं नसेल, तर मुळांच्या कक्षेतलं पाणी संपलं आहे. या दोन टोकांच्या मध्ये ओळखण्याच्या खुणा पिकागणिक वेगळ्या आहेत.

सोयाबीनमध्ये दुपारी पानं उभी होतात, उलटतात आणि त्यांची फिकट पाठ दिसते. दुरून सगळं वावर रुपेरी झाक मारतं. ही पानाची उन्हापासून बचावाची चाल आहे आणि फुलोऱ्यातल्या सोयाबीनमध्ये ती सकाळी दहाच्या आत दिसायला लागली तर पाण्याची सोय करायची वेळ आली. पऱ्हाटीत पानाचा हिरवा रंग निळसर-काळपट होतो आणि खोडाचा लालसरपणा शेंड्याच्या जवळ सरकतो. फुलं लागल्यावर आणखी नेमकी खूण मिळते: शेंड्याकडून बघत खोडाजवळच्या सगळ्यात वरच्या पांढऱ्या फुलाची गाठ शोधा, तिच्या वर शेंड्यापर्यंत किती गाठी आहेत ते मोजा. हा आकडा पाचवर किंवा खाली आला की झाडाने वरची वाढ सोडली असं समजावं. सप्टेंबरच्या शेवटी तो पाचवर आला तर ठीक. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातच आला तर ताणाने झाडाला अकाली म्हातारं केलं आहे.

सगळ्यात खात्रीची आणि फुकटची पद्धत वेगळीच आहे. वावराच्या मध्यावर सारख्या वाढीची पाच झाडं निवडा, खुणेला काडी रोवा, आणि पाऊस थांबल्याच्या चौथ्या दिवसापासून त्यांना दिवसाआड झाडागणिक पाच लिटर पाणी घाला. रोज दुपारी दोनच्या सुमारास त्यांचं पान आणि शेजारच्या कोरड्या झाडाचं तितक्याच उन्हातलं पान एकाच वेळी तळहातात धरा. पाणी मिळालेलं पान गार लागतं, कारण त्यातून बाष्प जात असतं. कोरड्या झाडाचं पान स्पष्ट गरम लागायला लागलं की छिद्रं मिटली. हा फरक मान टाकण्याच्या दोन-तीन दिवस आधी कळू शकतो, आणि तेवढी मुदत नियोजनाला पुरते.

पहिल्या आठवड्यात: माती राखा

पाऊस थांबून तीन-चार दिवस झाले, वाफसा आला की उथळ डवरणी (ओळींमधली कोळपणी) करा. वरचा चार-पाच सेंमीचा थर मोकळा झाला की खालची ओल वर चढून उडत नाही, आणि भेगा पडायच्या आधीच बुजतात. हे काम भेगा पडायच्या आधीचं आहे. भेगा रुंदावल्यावर खोल डवरा चालवला तर बाजूची मुळं तुटतात, आणि तुटलेलं मूळ म्हणजे ताणाचा आणखी एक इशारा. सोयाबीनला फुलं लागल्यावर डवरणी करूच नये. त्याआधी, ३० ते ३५ दिवसांच्या आत दोन डवरण्या उरकाव्यात. शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या पाडल्या तर पुढचा पाऊस मुरतो आणि जास्तीचा निघूनही जातो.

आच्छादनाला सोयाबीनचं कुटार, भंडारा-गोंदियाकडे धानाचं तणस, जे हाताशी असेल ते. एकरी दोन टन टाकलं तर जमीन दिसेनाशी होते; त्याहून पातळ पसरलं तर फारसा फायदा नाही. कुटार ओल असताना पसरायचं. कोरड्या मातीवर टाकलेलं कुटार हलक्या सरी स्वतःच पिऊन टाकतं.

संरक्षित ओलित: एकाआड एक सरी

विहीर किंवा शेततळं असेल तर प्रश्न पाणी किती द्यायचं हा. एक एकरावर १ सेंमी पाणी म्हणजे ४०,००० लिटर. सगळ्या सऱ्या भरून ५ सेंमी द्यायचं तर २ लाख लिटर लागतं. आपल्या पंपाचं पाणी मोजायला २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली धरा. तो ३६ सेकंदांत भरला तर तासाला २०,००० लिटर. म्हणजे पूर्ण ओलिताला एकरी दहा तास, आणि विजेच्या आठ तासांच्या लाइनीत ते बसत नाही.

एकाआड एक सरी भिजवली तर सव्वा लाख लिटरांत, सहा-सव्वासहा तासांत एकर होतो. फायदा नुसत्या बचतीचा नाही. झाडाच्या एका बाजूची मुळं ओलीत आणि दुसऱ्या बाजूची कोरड्यात राहतात. कोरड्या बाजूकडून ताणाचा इशारा जात राहतो, छिद्रं थोडी आवरती राहतात, आणि ओल्या बाजूकडून पाणी मिळत असल्याने पान ताठ राहतं. पाण्याच्या खर्चाच्या मानाने पिकाचं नुकसान कमी होतं. पुढच्या पाळीला कोरडी राहिलेली सरी भिजवायची, नाहीतर त्या बाजूची मुळं मरतात आणि इशाराही थांबतो.

यात चुकतं कुठे, तर उशिरात. बोटभर भेगा पडल्यावर सरीत सोडलेलं पाणी भेगांतून सरळ खाली आणि शेजारच्या सरीत जातं. अर्धं गणित तिथेच बिघडतं. तेव्हा तुषार लावून ३ सेंमी, म्हणजे एकरी १ लाख २० हजार लिटर, हळूहळू देणं बरं. एकच पाळी देण्याइतकं पाणी असेल तर सोयाबीनला ती शेंगा भरायला लागताना द्या, पऱ्हाटीला फुलं-बोंडं धरताना. तुरीला खरी गरज नंतर, फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना लागते; ऑगस्टमध्ये तिचं मूळ खोल जाऊ द्यावं.

फवारणी: काय, किती, आणि मुख्य म्हणजे केव्हा

आपल्या काळ्या मातीत पोटॅश कमी नसतो. पण माती सुकली की तो मुळापर्यंत सरकत नाही, आणि रक्षक पेशींची उघडझाप तर पोटॅशियमवरच चालते. म्हणून खंडात पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:००:४५, पानावाटे देतात. प्रमाण १ टक्का: १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम. हातपंपाने एकरी १० ते १३ पंप लागतात. पहिली फवारणी तळहाताची खूण मिळताच करावी, गरज पडल्यास १०-१२ दिवसांनी दुसरी. सकाळी नऊच्या आत किंवा चार वाजल्यानंतर. दुपारी थेंब मिनिटात वाळतो, मीठ पानावर घट्ट होऊन कडा जळतात. आणि सकाळीही मान टाकून असलेल्या पिकावर ही फवारणी करू नये. त्या पानाची छिद्रं मिटलेली, मेणाचा थर जाड झालेला. आत काही जात नाही, वर डाग मात्र पडतात. त्या टप्प्यावर पाण्याला पर्याय नाही.

केओलिन हा पांढरा बारीक मातीचा भुगा आहे. ५ टक्के प्रमाणात, १५ लिटरला ७५० ग्रॅम, फवारला तर पानावर पांढरा पापुद्रा बसतो, ऊन परावर्तित होतं आणि पान कमी तापतं. आधी बादलीत कालवून दुहेरी कापडातून गाळून घ्या आणि फवारताना पंप हलवत राहा, नाहीतर नोझल तुंबतं. पाऊस आला की धुऊन जातो.

पऱ्हाटीत पाते-बोंड गळ सुरू झाली असेल तर एनएए, म्हणजे कृत्रिम ऑक्सिन. बोंडाकडून कमी झालेला ऑक्सिनचा प्रवाह बाहेरून भरून काढायचा, इतकंच त्याचं काम. बाजारात ते ४.५ टक्के द्रावणात मिळतं, त्याच्या १ मिलीत ४५ मिलिग्रॅम एनएए असतं. २० पीपीएम (लिटरला २० मिलिग्रॅम) करायला १५ लिटर पाण्यात ३०० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे साडेसहा ते सात मिली. बाटलीच्या झाकणाने मोजू नका, सिरिंज वापरा. जास्त ऑक्सिन दिलं तर झाड उलट इथिलीन बनवायला लागतं, शेंडे वळतात आणि जी गळ थांबवायची तीच वाढते. गळ किडीमुळे असेल तर एनएएचा उपयोग नाही: गळलेली पाती गोळा करून २०-२५ फोडून बघा, आत अळी किंवा बाहेर छिद्र असेल तर उपाय किडीचा करायचा.

एनएए कीटकनाशकात मिसळून एकाच पंपात मारायची सवय सोडलेली बरी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले; हातमोजे, तोंडावर मास्क, वाऱ्याची दिशा पाहून चालणं आणि एका वेळी एकच औषध, यात कुठलीही तडजोड नको. बाटलीवर घटक आणि टक्केवारी छापलेली नसेल असं ‘टॉनिक’ ताणात वापरू नये. त्यात गिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक असेल तर पीक पाणी नसताना शेंडा वाढवायला लागतं.

पाऊस परतला की धोका संपत नाही

लांब खंडानंतर एका रात्रीत ७०-८० मिमी पाऊस पडतो किंवा कोणी तहानलेल्या पऱ्हाटीला भरपूर ओलित देतं, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर हिरवीगार, बोंडांनी लदलेली झाडं एकाएकी सुकतात. हीच आकस्मिक मर. झाड उपटून बघितलं तर मुळं कुजलेली नसतात, बुरशीची खूण नसते. भेगाळलेली काळी माती एकदम भरली की हवा बाहेर जाते, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, आणि ती पाणी असूनही ओढू शकत नाहीत. त्याच मुळांमध्ये इथिलीनचा कच्चा माल, एसीसी हा पदार्थ, साठतो. त्याचं इथिलीन व्हायला ऑक्सिजन लागतो, तो मुळात नाही, पण पानात आहे. एसीसी वर पोचला की तिथे इथिलीन होतं, पानं लोंबतात, पाती-बोंडं गळतात.

उपाय २४ ते ४८ तासांत झाला तरच कामाचा. आधी साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढा. दुसरं, कोबाल्ट क्लोराइड १० पीपीएम फवारा. कोबाल्ट एसीसीचं इथिलीन करणाऱ्या विकराला अडवतं. १५ लिटरच्या पंपाला ते फक्त ०.१५ ग्रॅम लागतं, तेवढं घरच्या काट्यावर तोलता येत नाही. म्हणून १ ग्रॅम कोबाल्ट क्लोराइड १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातलं १५० मिली प्रत्येक पंपात घाला. ते विषारी आहे, उघड्या हाताने धरू नका, बाटलीवर नाव लिहा, मुलांच्या हाती लागू देऊ नका. तिसरं, १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून सुकलेल्या आणि त्यांच्या शेजारच्या झाडांच्या बुडाशी १५०-२०० मिली आळवणी करा, आणि बुडाची माती पायाने घट्ट दाबा. दोन दिवस उलटून गेलेल्या झाडावर हा खर्च करू नये.

टाळण्याचा मार्ग सोपा आहे. लांब खंडानंतर पहिलं ओलित हलकं, एकाआड एक सरीतूनच द्या आणि पावसाआधी चर मोकळे ठेवा. चांगला पाऊस झाल्यावर पानातला एबीए काही तासांत तुटायला लागतो, पण छिद्रं पूर्ववत उघडायला एक-दोन दिवस आणि तीव्र ताणानंतर त्याहून जास्त लागतात. म्हणून पाऊस पडल्या पडल्या युरिया फेकायची घाई नको. तीन दिवस थांबा, शेंड्याची पानं ताठ आणि उजळ दिसली की खताचा हप्ता द्या.

संत्रा: ताण मुद्दाम देताना

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड भागात हीच यंत्रणा बागायतदार मुद्दाम चालवतात. संत्र्याला फूल येण्यासाठी वाढ थांबावी लागते: आंबिया बहारात डिसेंबर-जानेवारीतली थंडी आणि तोडलेलं पाणी, मृग बहारात उन्हाळ्यातला कोरडा ताण. या काळात पानांमध्ये एफटी नावाचं प्रथिन वाढतं आणि अन्नरसाच्या वाटेने डोळ्यांपर्यंत जाऊन तिथे फूल धरायचा निरोप देतं. थंडी आणि ताण दोन्हीही लिंबूवर्गीय झाडांत हे प्रथिन वाढवतात. त्याउलट गिबरेलिन फुलधारणा अडवतं.

यातून दोन नियम निघतात. पहिला, निरोप पानातून जातो, म्हणून पानं शिल्लक राहिली पाहिजेत. पानं निस्तेज होऊन किंचित वळली आणि चौथाई पानगळ झाली की ताण बसला. निम्म्याहून जास्त पानं गळेपर्यंत थांबलं तर निरोप पाठवायला पान नाही आणि फळ पोसायला साठा नाही. दिवस मोजून ताण तोडू नका. हलक्या जमिनीत महिनाभरात जे होतं त्याला भारी जमिनीत दीड-दोन महिने लागू शकतात, आणि एकाच बागेत वरच्या आणि लवणातल्या झाडांत फरक असतो. दुसरा, ताणाच्या काळात गिबरेलिन असलेलं काहीही फवारायचं नाही.

भारी जमिनीत ताण बसत नसेल किंवा मध्येच अवकाळीचा शिडकावा झाला तर क्लोरमेक्वाट क्लोराइड उपयोगी पडतं. ते झाडात गिबरेलिन बनणंच कमी करतं. ५० टक्के द्रावणाचं २ मिली प्रति लिटर म्हणजे १,००० पीपीएम, पाऊस होऊन नवती (नवी पालवी) फुटायच्या आत. नवती फुटल्यावर मारलं तर तो खर्च वाया.

ताण तोडताना सल (वाळक्या फांद्या) काढलेली असावी आणि आळी दुहेरी, म्हणजे बुंध्याभोवती मातीची आतली बांगडी, पाणी बाहेरच्या कड्यात. त्यामुळे खोड ओलं राहत नाही आणि डिंक्या रोगाला वाव मिळत नाही. पहिलं पाणी नेहमीच्या तिसऱ्या हिश्शाचं, तीन-चार दिवसांनी दुसरं थोडं वाढवून, मग पूर्ण. ठिबक असेल तर तोच हिशोब वेळेत करा. पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत पानं पिवळी होऊन गळतात तेव्हा पुष्कळजण घाबरून आणखी पाणी सोडतात. क्लिओपात्रा मँडरिनच्या रोपांवर १९९२ साली हे दाखवलं गेलं आहे: ताणात मुळांत साठलेला एसीसी पाणी मिळताच वर चढतो आणि त्याच्या इथिलीनने पानं सुटतात. म्हणजे ही गळ आधीच्या ताणाची आहे, पाण्याच्या कमतरतेची नाही. जितका ताण जास्त ओढला तितकी ती मोठी. पाणी हळूहळू वाढवणं हाच उपाय, भडीमार नाही.

फळं वाटाण्याएवढी झाल्यावर आणि पुढे उन्हाळ्यात जी गळ होते तिला १५ पीपीएम जिबरेलिक आम्ल (हे गिबरेलिनच, पण आता फुलं धरून झालेली असतात) अधिक १ टक्का युरिया चालतो: १०० लिटर पाण्यात १.५ ग्रॅम जिबरेलिक आम्ल आणि १ किलो युरिया. जिबरेलिक आम्ल पाण्यात थेट विरघळत नाही. आधी ३० मिली अल्कोहोलमध्ये हलवून मग पाण्यात ओता. याच कामासाठी २,४-डी (तणनाशक म्हणूनही वापरलं जाणारं कृत्रिम ऑक्सिन) १५ पीपीएमही सांगितलं जातं आणि ते स्वस्त पडतं. पण बागेच्या बांधाला पऱ्हाटी उभी असेल तर २,४-डीला हातही लावू नका. कपाशी त्याला इतकी नाजूक आहे की वाऱ्याने आलेल्या तुषारांनीही पानं भेंडीच्या पानासारखी चिरटी होतात आणि पाती वांझ राहतात. ज्या पंपात २,४-डी भरलं, तो पंप पऱ्हाटीच्या वावरात पुन्हा कधीच नेऊ नये, कितीही धुतला तरी.